टोपी घालून बोललास की काढून?

निरंजन, गुरुवारची वेळ मिळाली आहे. सकाळी साडेअकरा. बाराला पुढचे लोक येणार, म्हणून क्रिमॅटोरियमच्या बाईंनी फोनवर दोनदा बजावलं, अर्ध्या तासात आटपा. माणूस गेल्यावर आठवडेच्या आठवडे वाट पाहायची आणि मग अर्ध्या तासात मोकळं व्हायचं, ही इथल्या इंग्रजांची तऱ्हा. तू असतास तर म्हणाला असतास, "शिस्त आहे रे सुधीर, शिस्त." मी म्हणालो असतो, डोंबलाची शिस्त. आता दोन्ही वाक्यं मलाच म्हणावी लागतात आणि त्यात काही मजा नाही.

मेधावहिनींनी त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं मला दिली आहेत. "तुम्ही बोला भाऊजी. बाकीच्यांना तो ऑफिसातला माहितीये." तुझी नोकरी, तुझं शिक्षण, तू किती शांत आणि किती सज्जन, ते सगळं तुझा ओंकार इंग्रजीत सांगणार आहे. माझ्या वाट्याला आपलं भांडण आलं. ते पाच मिनिटांत कसं सांगू बे? आणि सांगायला लागलो तर ते जिथे येऊन थांबतं, ते तुझ्या ऑफिसातल्या लोकांसमोर, काळे कोट घालून बसलेल्या मंडळींसमोर बोलायचं नाही मला. ते तुझ्याशीच बोलायचं आहे. म्हणून हे लिहितोय.

रागावलोय मी तुझ्यावर. आधी ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुला आठवतं, हे सगळं सुरू झालं ब्रॅकनेलच्या लायब्ररीत. बुधवारी संध्याकाळी तत्त्वज्ञानाचा क्लास. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आपली ओळख झालेली होती, पण ती तेवढ्यापुरतीच. तू पुण्याचा, मी नागपूरचा, मोदक उकडीचे की तळलेले एवढ्यावर आरतीनंतर जुंपली होती. क्लासला जाऊन बघतो तर समोरच्या खुर्चीवर तूच, वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून. शिकवायला रिटायर झालेल्या एक मास्तरीणबाई होत्या, पॅट. त्यांनी त्या टर्मला अठराव्या शतकातला एकच तत्त्वज्ञ घेतला होता. त्याचं नाव आपण दोघांनी कधी घेतलंच नाही. चित्रात त्याच्या डोक्यावर पांढरा कुरळा विग होता, म्हणून तो आपला विगवाला. वहिनीसुद्धा विचारायच्या, "काय म्हणतोय आज तुमचा विगवाला?"

विगवाल्याचं म्हणणं आपल्याला कळलं ते एवढंच, की माणसाला सुख हवंसं वाटतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस मुळात वाईट नाही, दुसऱ्याचं दुखलं की ह्याच्या पोटात कालवतंच. आणि कुणालाही जबरदस्तीनं सुखी करता येत नाही, त्याचं त्याला ठरवू द्यावं लागतं. पॅटबाईंनी हे समजावलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. माझा धर्मच सापडला होता मला! मी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या, एक लग्न सोडलं होतं, आणि त्या सगळ्याला आता मोठ्या माणसाचा आधार मिळाला होता.

तू शांतपणे वही मिटलीस. बाहेर कार पार्कमध्ये म्हणालास, "चहा आयता हातात मिळाला की असलं सुचतं माणसाला."

"म्हणजे?"

"म्हणजे माणसाला सुखबिख नको असतं रे. रात्री झोप लागायला हवी असते. आणि झोप लागते ती कामं आटपल्यावर. ज्याचं त्याला नीट करून दिल्यावर."

"तू मशीन आहेस काय?"

"मशीन वेळेवर चालतं. तुझ्यासारखं नाही."

तासभर उभे होतो तिथे. लायब्ररीचे दिवे बंद झाले, पॅटबाई आपल्याला हात करून निघून गेल्या, तरी तू तुझं सोडेनास आणि मी माझं.

तू खरंच तसा जगलास, ते मी पाहिलंय. व्हिसावर होतास तेव्हा कंपनी बदलता येत नव्हती, म्हणून त्या खडूस मॅनेजरच्या हाताखाली राहिलास. ठीक आहे, तेव्हा आपण सगळेच तसे होतो. पण इथला पासपोर्ट हातात आला, आता तुला कोण धरून ठेवतंय, तरी तू तिथेच! का, तर टीममधली पोरं नवीन आहेत. रोज सकाळी पुण्याला आईला फोन. सोसायटीच्या कुंपणाचं काम तुझ्याकडे, गणपतीच्या मांडवाचं तुझ्याकडे, माझ्या घराचा बॉयलर बंद पडला तरी फोन तुलाच. कुणाला "नाही" म्हणालेला मी तुला ऐकला नाही. मी म्हणायचो, निरू, तू गुलाम आहेस आणि तुला साखळी आवडते. तू म्हणायचास, "असेन बाबा."

मग ओंकारचं निघालं. त्याला ग्लासगोला जायचं होतं, साउंडचं शिकायला. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, तसलं काही. तू त्याच्यासाठी इंजिनिअरिंग ठरवलेलं. तुमच्या किचनमध्ये जेवणं चालली होती आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "जा बे पोरा ग्लासगोला. तुझं आयुष्य तुझं."

तू ताट बाजूला सरकवलंस. आवाज चढवला नाहीस, तेच जास्त वाईट होतं. "सुधीर, माझ्या घरात बसून माझ्या मुलाला मोकळं करणारा तू कोण?"

मी अर्धी पोळी ताटात टाकून उठलो. पुढे कित्येक महिने आपण बोललो नाही. मंडळाच्या दिवाळीत तू दरवाज्याशी आणि मी फराळाच्या टेबलाशी. लोक मजा बघत होते.

मिटवलं वहिनींनी. मला घरी चहाला बोलावलं, सांगितलं तू नाहीस, आणि तुला मी येणार हे सांगितलंच नाही. आपण दोघं समोरासमोर आलो तेव्हा त्यांनी पिशवीतून ती टोपी काढली. लोकरीची, हिरवीगार, वर गोंडा असलेली. वेम्बलीला भाजीला गेल्या होत्या, तिथे ईलिंग रोडवर दुकानाबाहेरच्या टोपलीत दिसली म्हणून घेतलेली. टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "भांडल्याशिवाय तुम्हाला जगता येत नाही ना? मग एकमेकांच्या बाजूनं भांडा. ही टोपी ज्याच्या डोक्यावर, त्यानं आपल्या मनाविरुद्ध बोलायचं. मनापासून बोलायचं, चेष्टा नाही, आणि ते मागाहून धरून बसायचं नाही. समोरच्याला पटलं, की टोपी त्याच्या डोक्यावर. आणि हे सगळं माझ्या घराबाहेर."

टोपी घालणे ह्यावरचे जेवढे विनोद मराठीत होतात तेवढे आपण पहिल्याच महिन्यात करून संपवले. मग शनिवार सकाळचं जंगल सुरू झालं. ब्रॅकनेलच्या बाहेरचं ते पाइनचं जंगल, फ्लास्कमध्ये चहा, तुझ्या खिशात वहिनींच्या चकल्या. पहिली पाळी तुझी. टोपी कानापर्यंत ओढलीस आणि ओंकारनं ग्लासगोला का जावं ह्यावर बोलायला लागलास.

निरू, मी तोंडात बोट घातलं. माझ्याकडे नुसता आवाज होता, तुझ्याकडे मुद्दे होते. तू म्हणालास, आपण पोराला सुखी करू शकत नाही, फार तर त्याच्या वाटेतून बाजूला होऊ शकतो. तू म्हणालास, मी वडिलांचं ऐकलं त्याचं मला दुःख नाही, पण मी कधी विचारलंच नाही स्वतःला, हे मला ह्या वयात कळतंय. मी तुझ्या बाजूनं, म्हणजे कर्तव्याच्या बाजूनं, दोन-चार फुसके मुद्दे काढले. कार पार्कपाशी आल्यावर तू टोपी काढलीस, केस नीट केलेस आणि म्हणालास, "सामान हलवायला व्हॅन बघायला हवी. ग्लासगो लांब आहे."

तेव्हापासून मला कळेना की खरा तू कुठला. टोपीतला की टोपीबाहेरचा? मी विचारायचो. तू चकली पुढे करायचास.

एकदा मात्र टोपी माझ्या डोक्यावर होती आणि तू उघड्या डोक्यानं बोललास. भुरभुर पाऊस होता, जंगलात चिटपाखरू नव्हतं, आणि कार पार्कात आइस्क्रीमची व्हॅन वेड्यासारखी उभी. तू सरळ जाऊन दोन कोन आणलेस, चॉकलेटची कांडी खोचलेले. पावसात उभं राहून आपण ते खाल्ले. तू म्हणालास, "आत्ता बरं वाटतंय बघ. काही कारण नाही." मग एकदम ओशाळलास, घड्याळ बघितलंस, म्हणालास चल, गटरचा माणूस यायचाय. मला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. विगवाला जिंकला असं ओरडायचं नव्हतं, दुसरंच काही. ते राहून गेलं. अजून राहिलंय.

मग तुझं दुखणं निघालं. केमो सुरू झाली, केस गेले, आणि ती हिरवी टोपी तुझ्या डोक्यावरून उतरेचना. घरात टोपी, हॉस्पिटलात टोपी, व्हिडिओ कॉलवर आईसमोर टोपी. चांगल्या चार टोप्या लोकांनी आणून दिल्या, तू त्या घातल्या नाहीस. आणि माझी पंचाईत कुणालाच कळली नाही. आता तू जे काही बोलशील, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

एका शनिवारी तुला चालवत नव्हतं म्हणून आपण कार पार्कजवळच्या बाकावरच बसलो. लॅब्रॅडॉर घेऊन आलेल्या एका बाईंनी तुझ्या गोंड्याचं कौतुक केलं. त्या गेल्यावर तू फ्लास्कचं झाकण फिरवत म्हणालास, "नळी घालून मशीनवर ठेवायची वेळ आली ना सुधीर, तर ठेवू नका मला."

मी भडकलो. "असं कसं ठेवू नका? वहिनींचं काय? ओंकारचं काय? पुण्यात आई बसलीये तिला काय सांगायचं? माणूस काय एकट्यासाठी जगतो?"

तू हसलास. हसताना धाप लागायची तुला. "बघ. माझी वाक्यं बोलायला लागलास. तीही टोपी न घालता."

"मस्करी नको. हे तू टोपी घालून बोललास की काढून?"

"डोकं गार पडतंय रे. टोपी कुठली काढू?"

एवढंच. मी पुढे विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. आपला नियमच होता ना, टोपीतलं बोलणं धरून बसायचं नाही. मी मनाशी म्हटलं, स्वातंत्र्य ही तुझी टोपीतली बाजू. टोपीबाहेरचा निरंजन कधी कुणाला सोडून जायचा नाही. आणि खरं सांगू, मला तेच हवं होतं. आयुष्यभर ज्याचं त्याला ठरवू द्या म्हणून ओरडणारा मी, तू तुझं ठरवतोयस म्हटल्यावर मलाच ते नको झालं.

न्यूमोनिया झाला तेव्हा सगळं भराभर झालं. मी पोचलो तर तुझ्या तोंडावर तो मोठा मास्क, पट्टे डोक्यामागून आवळलेले, आणि मशीनचा फुस्स फुस्स आवाज. पट्ट्यांसाठी नर्सनं टोपी काढली होती. तू ती मुठीत धरून ठेवली होतीस. ओंकार ग्लासगोहून येऊन पोचला होता, दाढी वाढलेली, कोपऱ्यातल्या खुर्चीत तुझ्याकडे बघत बसलेला. वहिनी उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या.

तिथल्या मोठ्या डॉक्टर, कन्सल्टंट बाई, आम्हाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. बोलायला चांगल्या होत्या, पण थकलेल्या. म्हणाल्या, मास्कवर फार काळ निभावणार नाही. नळी घालून व्हेंटिलेटरवर घेता येईल, पण फुप्फुसांची ही अवस्था बघता त्यावरून परत येण्याची आशा फार थोडी आहे. ते मधूनमधून जागे असतात, मी त्यांना स्वतः विचारणारच आहे. पण तुम्ही त्यांना ओळखता. त्यांना काय हवं असेल असं तुम्हाला वाटतं?

"सगळं करा," वहिनी म्हणाल्या. "एव्हरीथिंग. प्लीज." मग त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या, मी हो म्हणेन म्हणून.

ओंकारनं विचारलं, "काका, बाबाचा इच्छा काय आहे? तुला काही बोलला का तो?"

त्याच्या त्या मराठीला आपण किती हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही. मी म्हणालो, "एकदा म्हणाला होता, मशीनवर ठेवू नका. पण टोपी होती डोक्यावर."

"मग ते धरायचं नाही," वहिनी ताडकन म्हणाल्या. "टोपीतलं धरायचं नाही. मीच केलाय ना नियम? टोपीतलं म्हणजे मनाविरुद्धचं. म्हणजे त्याला जगायचंय."

कन्सल्टंट बाई आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय सांगणार त्यांना? एका हिरव्या टोपीवरून एका माणसाचं जगणं-मरणं ठरतंय, असं? मी म्हटलं, मला एक मिनिट द्या, आणि आत आलो.

तू जागा होतास. मी वाकून, तुझ्या कानाशी, त्या मशीनच्या वर आवाज काढून विचारलं, "निरू, बाकावर बसून बोललास ते टोपी घालून बोललास की काढून? आता तरी सांग बे."

तू माझ्याकडे बघितलंस. चांगलं बघितलंस, गुंगीत नव्हतास. मग मूठ उचललीस आणि टोपी माझ्या छातीवर ठेवलीस. मी ती धरली नाही तर पुन्हा ढकललीस. बोटांत जोर नव्हता, तरी ढकललीस.

मला कळलं. कळलं नाही असं दाखवायचं फार मनात होतं. डॉक्टरला नको म्हणून सांगायला तुला माझी गरज नव्हती, मान हलवली असतीस तरी पुरलं असतं. पण बाहेर वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांना समजावणं तुझ्या मानेच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम तू माझ्यावर टाकलंस. आणि कुणावर टाकलंस बघ! ज्याला तू जायला नको होतास, त्याच्यावर. म्हणून तर टोपी दिलीस, लबाडा.

मी टोपी डोक्यावर घातली. तुझ्या हाताची ऊब होती तिला. कॉरिडॉरमध्ये आलो आणि वहिनींनी वर पाहिलं. एक अक्षर बोललो नव्हतो अजून. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्या आता माझ्या तोंडात मारतील.

"काढा ती," त्या म्हणाल्या.

"नाही काढता येत, वहिनी. त्यानं दिलीये."

"म्हणजे तुम्ही आता मनाविरुद्ध बोलणार."

"हो."

"तुम्हालाही पटत नाहीये ना मग?"

"नाही पटत. मला तो हवाय. नळ्या घाला, मशीनं लावा, काय वाटेल ते करा, पण मला शनिवारी तो हवाय."

"मग?" त्यांचा आवाज फाटला. "मग कशाला बोलताय?"

"बोलायचं तर आहे."

आणि बोललो, निरू. कसं बोललो मला ठाऊक नाही. समोरून ट्रॉल्या जात होत्या, कुणीतरी कॉफीचा कप घेऊन जाताना सॉरी सॉरी करत आमच्या मधून गेलं. मी विगवाल्याचं काही काढलं नाही. सुख, स्वातंत्र्य, ते सगळे मोठे शब्द त्या जागी तोंडातून निघालेच नसते. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही आत जाऊन त्याला सांगितलंत, निरंजन, माझ्यासाठी नळी घाल, तर तो घालेल. मान हलवून हो म्हणेल. आजवर कुणाला नाही म्हणालाय तो? ऑफिसला नाही, मंडळाला नाही, माझ्या बॉयलरला नाही. तुम्हाला तर नाहीच म्हणणार. त्याला येतच नाही ते. म्हणून तुम्ही विचारू नका. एकदाच, ह्या एका गोष्टीसाठी, त्याच्याकडे काही मागू नका. न मागता आत जा.

वहिनी भिंतीला टेकल्या. ओंकारनं त्यांचा हात धरला. "आई," तो म्हणाला, "मला ग्लासगो जायचं होतं तेव्हा बाबा पण नाही विचारलं. त्यानं फक्त व्हॅन आणली."

वहिनींनी डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि त्या आत गेल्या. मी दारातच थांबलो. त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, पट्ट्यांच्या मधून, जिथे थोडे केस परत यायला लागले होते. म्हणाल्या, "तुला हवं तसं. मी रागावणार नाही." तू डोळे मिटलेस. नंतर कन्सल्टंट बाईंनी येऊन तुला सोप्या शब्दांत विचारलं, थोड्या वेळानं परत एकदा विचारलं, आणि दोन्ही वेळेला तू मान नाही म्हणून हलवलीस. जन्मात पहिल्यांदा "नाही" म्हणालास, आणि तेही इतकं ठाम!

तुझे शेवटचे तास शांत गेले. ओंकारनं मोबाइलवर त्यानं स्वतः केलेलं काहीतरी लावलं, पाण्याचे आवाज आणि मध्येच तंबोऱ्यासारखं काही. तुला आवडलं असावं. मी तुझ्या पायाशी बसून होतो, टोपी मांडीवर. आजवर कुठल्याही वादात मी इतका साफ जिंकलो नव्हतो, आणि जिंकलो ते तुझ्यासाठी. जी बाजू मी बिनटोपीची म्हणून आयुष्यभर मिरवली, ती त्या दिवशी टोपी घालून मांडावी लागली. विगवाल्याला विचारायला हवं होतं, बाबा रे, दुसऱ्याला मोकळं सोडावं म्हणतोस, पण सोडणाऱ्याचं काय होतं ते कुठल्या पानावर लिहिलंयस?

तुझा राग येतो तो ह्याचा. आणि त्याच ठिकाणी उपकारही वाटतात, हे काय त्रांगडं आहे मला कळत नाही. इतक्या लोकांत तुला हे काम द्यायला मी सापडलो. माझा स्वतःचा भाऊ मला सोफा हलवायला बोलावत नाही.

पण एक राहिलंच. वहिनींना पटलं, म्हणजे नियमाप्रमाणे टोपी त्यांना द्यायला हवी होती. हॉस्पिटलात ते सुचलं नाही. नंतर घर लोकांनी भरलेलं, डबे येतायत, पुण्याहून फोन येतायत, मी टोपी खिशात घेऊन जायचो आणि खिशात घेऊन परत यायचो. तुझ्या शवपेटीत ठेवावी असंही वाटलं एकदा. मग वाटलं, तुला कशाला आता, तू तर सुटलास वादातून.

काल शनिवार होता. सकाळी वहिनींचा फोन. "भाऊजी, तुम्ही दोघं जिथे जायचात तिथे मला घेऊन चला." मी गेलो, त्यांना गाडीत घेतलं. ओंकार झोपला होता, त्याला उठवलं नाही. जंगलात चिखल होता, त्यांचे बूट तसले नव्हते, म्हणून आपण बसायचो त्याच बाकावर बसलो. मी फ्लास्क आणला होता. चकल्या नव्हत्या. वारा असा बोचरा की चहा कपात ओततानाच निवत होता.

वहिनी झाडांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथेच म्हणाला का तो?"

"इथेच."

त्यांनी हात पुढे केला. मी आधी कप दिला. त्यांनी कप बाकावर ठेवला आणि हात तसाच पुढे ठेवला, तेव्हा मला समजलं. खिशातून टोपी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, गोंड्याला चिकटलेलं पाइनचं पान काढून टाकलं, नाकाशी धरली. आणि मग घातली. दोन्ही हातांनी कानापर्यंत ओढून घेतली, तू ओढायचास तशीच.

समोर बघत म्हणाल्या, "आपण केलं ते बरोबर केलं, भाऊजी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच बघत होत्या. वारा होता निरू, थंडी होती, कान लाल झाले होते त्यांचे. नुसती थंडी वाजली म्हणूनही घातली असेल टोपी. किंवा नियम त्यांचाच आहे, माझ्याहून जास्त त्यांना ठाऊक आहे टोपीतलं बोलणं म्हणजे काय. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं ते वाक्य, तुला विचारलेलं, बाकावरचं. वहिनी, हे टोपी घालून बोललात की...

तू विचारलं असतंस का? नसतंस विचारलं. तू चकली पुढे केली असतीस.

मी त्यांच्या कपात थोडा गरम चहा घातला आणि म्हटलं, "घ्या, गार होतोय."